पत्रकातून गाळलेली ओळ

पत्रकाखाली नाव घालायची आमच्या घरात पद्धत नाही. बाबा म्हणतात, म्हणणं खरं असेल तर सहीची गरज नसते. म्हणून उंदरांच्या त्या पत्रकावरही कुणाचं नाव नव्हतं. ते मी लिहिलं होतं.

मी पत्रकांतच वाढले. पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. फडताळात डब्यांखाली पत्रकंच अंथरलेली. मी जोडून वाचलेले पहिले दोन शब्द 'जाहीर निषेध' हे होते. बाबांचा एकच नियम: एका पानात बसत नाही ते कुणी वाचत नाही.

गेल्या हिवाळ्यात नेरे गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला, वालाच्या शेतांत उंदीर माजले. भात निघालं की तिथे वाल पेरतात. मध्येच उठलेल्या फार्महाऊसवर लोक शनिवार-रविवारी येतात, उरलंसुरलं कुंपणामागे फेकतात आणि सोमवारी निघून जातात. त्यावर उंदीर पोसले जातात आणि मग वालाच्या शेंगांवर येतात. विषाच्या पाकिटावर सूचना असतात त्या बारीक इंग्रजीत. याची मला चीड होती, अजूनही आहे. शेवटी आमच्या शेतकरी मंडळाने ठरवलं की सगळ्या गावाने एकाच दिवशी विष घालायचं आणि ते कसं घालायचं हे मराठीत छापून घरोघर द्यायचं. एकटीने लिहिलेलं माझं ते पहिलं पत्रक.

शेतीतल्या एका जाणत्या माणसाकडून मी सगळी रीत समजून घेतली. उंदीर संशयी असतो, नवं काही दिसलं की तोंड लावत नाही. म्हणून दोन दिवस नुसता गूळ लावलेला दाणा ठेवायचा. त्याची भीड चेपली की तिसऱ्या संध्याकाळी त्याच दाण्यात विष कालवायचं. आधी विश्वास, मग विष. हे लिहिताना मला त्यात काहीच खटकलं नव्हतं.

खाली घोषणा होती: 'उंदीर पोसणाऱ्या बंगल्यांना जाब विचारा'. ती मला जाड, मोठ्या अक्षरांत हवी होती. पान पुरेना. मग मी एक ओळ काढली. 'दाणा बिळात खोल सारून तोंड चिखलाने लिंपावे, म्हणजे इतर जनावरे खाणार नाहीत.'

बाबांनी प्रूफ वाचताना बरोबर त्या जागी बोट ठेवलं.

"इथली ओळ कुठे गेली?"

"ते सगळ्यांना माहीतच असतं, बाबा."

"घोषणासुद्धा सगळ्यांना माहीत असते," ते म्हणाले. पण पत्रक माझं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि कागद परत दिला.

डोंगराला लागून असलेलं शेवटचं शेत काकीचं. ती माझ्या नात्यातली नाही. मंडळाच्या बैठका तिच्या ओटीवर व्हायच्या आणि चहा तीच करायची, म्हणून सगळ्यांची काकी. तिला वाचता येत नाही. सुनेने तिला पत्रक दोनदा वाचून दाखवलं आणि भाताच्या कणगीशेजारी भिंतीला चिकटवलं. मला त्याचा अभिमान वाटला होता.

नुसता दाणा ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या शेतावर गेले. बांधावर चितळांचा कळप होता. सात होती. सहा मोठी आणि एक पाडस. वाल खायला ती अधूनमधून उतरत, पण इतक्या जवळून मी कधी पाहिली नव्हती. ती बांधावरचा गुळाचा दाणा चाटत होती. पाडसाला दाणा नको होता, ते आईच्या पोटाखाली ढुशा देत होतं.

"तुजा कागद वाचून आलेली दिसतात," काकी हळूच म्हणाली.

मी हसले. मोबाईलवर फोटो काढला. तिथे उभी राहून, ती काय खातायत हे डोळ्यांनी पाहून, मी हसले. माझ्या मनात काहीच आलं नाही. पुढे मला जे जे सांगायचं आहे त्या सगळ्याहून हे वाईट आहे.

चौथ्या दिवशी सकाळी सुनेचा फोन आला. ते विष पोटात गेलं की तहान लागते म्हणतात. सगळी चितळं ओढ्याकडे धावली होती. दोन वाटेतच पडलेली, चार पाण्याशी. एकीचं तोंड पाण्यात होतं आणि ओढा तिच्या तोंडावरून वाहत होता, खाली गाढी नदीकडे. पाडस जिवंत होतं. जवळ गेलं की ते पळायचं आणि थोड्या वेळाने परत येऊन तिथेच उभं राहायचं. दोन दिवस ते दिसलं. नंतर दिसलं नाही.

वनखात्याचा माणूस आला. भला होता, दमलेला होता. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की चूक माझी आहे, पत्रक मी लिहिलं, त्यातली एक ओळ मी गाळली. त्याने पत्रक उलटसुलट पाहिलं.

"ताई, पत्रकावर गुन्हा दाखल होत नाही," तो म्हणाला. "दाणा कुणाच्या बांधावर होता, तेवढं सांगा."

काकी दहा पावलांवर उभी होती, पदर तोंडाला लावून. मी म्हटलं, मला माहीत नाही.

लहानपणापासून मला शिकवलं गेलं होतं की खरं बोलायला फक्त धैर्य लागतं. माझ्या खऱ्याची शिक्षा दुसऱ्याच कुणाला होणार असेल तर काय करायचं, हे आमच्या घरातल्या एकाही पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

मंडळाच्या बैठकीत सगळ्यांचं एकमत झालं की विष फार्महाऊसवाल्यांनी घातलं. कुणीतरी कागद-पेन माझ्यापुढे सरकवलं. मी ते पत्रक लिहिलं नाही. एवढंच मी केलं. ते थांबवलंही नाही. दुसऱ्या कुणीतरी लिहिलं, छापलं, वाटलं. घोषणा माझीच होती, त्याच जाड अक्षरांत.

मग पंधरा दिवसांनी मी काकीकडे गेले. पत्रक भिंतीवर तसंच होतं. मी पेन काढलं आणि घोषणेखालच्या पांढऱ्या पट्टीत ती गाळलेली ओळ बारीक अक्षरांत लिहिली. व्यवस्थित बसली. जागा होती.

काकी मागे येऊन उभी राहिली होती. "काय लिवलंस, पोरी?"

मी वाचून दाखवलं. दाणा बिळात खोल सारून तोंड चिखलाने लिंपावे.

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"ते आमाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "माझी सासू तसंच करायची. सून बोललीसुदा, बिळं लिंपायची काय. मीच नको बोलले. तुज्या कागदात नाय म्हनून मला वाटलं, आता नवीन रीत आली असंल."

मग ती चहा ठेवायला आत गेली.