सुनेच्या नावाचा नवस

हे मी कोणालेच सांगतलं नाही. घरी नाही, माह्या भावाले नाही, देवापुढं हात जोडूनही नाही—देवाले तर मी यात खोटा साक्षीदार केलं, त्याच्यापुढं कोणत्या तोंडानं बोलू? तुम्हाले सांगून राहिली, कारण तुम्ही मले ओळखत नाही. जे ओळखतात ते माहं कौतुक करतात, आणि तेच आता सहन होत नाही.

सौंसरात आमच्या गल्लीत कोणालेही विचारा. सांगतील, वंदनाची सासू म्हणजे मायच. सुनेले लेकरू व्हावं म्हणून अनवाणी चालली, तूप सोडलं, तळण सोडलं. खरंच सोडलं होतं, बरं का. त्यात खोटं काही नाही. पण कायच्यासाठी सोडलं?

थांबा, असं मधातून नाही सांगत.

त्या वर्षी संत्र्याच्या तोडीच्या वेळी मले दम लागाले लागला. बगिच्यातून घरी येईपर्यंत दोनदा बसावं लागे. दिवाळीले नागपूरले भावाकडं गेली, तर त्यानं डॉक्टरकडं नेलं, रक्त तपासलं. रक्तात चरबी लय झाली म्हणाला डॉक्टर—कोलेस्ट्रॉल. डालडा बंद, तूप बंद, भाजीवरची तर्री बंद. ज्वारीची भाकर खा, पालेभाजी खा, जवसाची चटणी खा, रात्री इसबगोल घ्या, लसणाच्या कळ्या चावा. आणि रोज घाम येईस्तोवर चाला, गोळ्यांचं मंग पाहू.

खाण्याचं जमलं असतं. पण चालणं? पन्नाशीची बाई—डोक्यावर टोपलं नाही, हातात पिशवी नाही, आणि नुसती चालून राहिली—असं आमच्या गावात कोणी पाह्यलं होतं? घरी खरं सांगतलं असतं तर यायनं, म्हणजे माह्या नवऱ्यानं, मले खाटेवर बसवलं असतं आणि बगिच्याचा कारभार दिराच्या हाती देला असता. कारभार मले सोडायचा नव्हता. आजारी बाई म्हणून घ्यायचं नव्हतं. बस, एवढंच होतं ते.

तरी चालणं सुरू केलं, आणि दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी बोरिंगवर पाणी भरताना शेजारच्या कमलाबाईनं टोकलं, "काऊन वं माय, सकाळी-सकाळी कुठी गेल्ती?"

"मारोतीले," मी म्हटलं. "नवस बोलली."

"कायचा?"

जीभ कशी वळली, मले समजत नाही—नाही, समजते. सोपं होतं म्हणून वळली. मी म्हटलं, "वंदनाले लेकरू होऊ दे म्हणून."

वंदना म्हणजे माही सून, पांढुर्ण्याची पोरगी. लग्नाले दोन वर्षं झाली होती. तोवर कोणी एका शब्दानं तिले विचारलं नव्हतं. त्या दिवशी दिवा लागेपर्यंत गल्लीभर झालं, की सुधाकरच्या बायकोले लेकरू होऊन नाही राहिलं. सुधाकर माहा पोरगा. हे कोणी केलं? मी केलं.

मंग नवस म्हटल्यावर चपला कशा घालणार? अनवाणी चालली, रामाकोन्याच्या रस्त्यानं, मारोतीपर्यंत आणि परत. तूप-तळण सोडलं ते नवसातच बसलं. लसूण तेवढा बसत नव्हता. नवसाची बाई लसूण कशी खाईल? तो मी गोठ्यामागं उभी राहून चावे आणि वरून मूठभर बडीशेप खाय. तुम्हाले हसू येते ना? मलेही येत होतं तेव्हा.

आणि गुण आला. उन्हाळ्यापर्यंत दम लागणं थांबलं. पहाटेचा तो संत्र्याच्या फुलाचा वास, पाय आपोआप उचलून राहिले—इतकं बरं मले तरुणपणी वाटलं नव्हतं. नागपूरले पुन्हा रक्त देलं, तर डॉक्टर खुश. मी आनंदानं भावाच्या घरभर नाचली.

इकडं कमलाबाईच्या सुनेचं डोहाळजेवण झालं. साऱ्या गल्लीले बोलावणं, वंदनाले नाही. तिची माय पांढुर्ण्याहून बसनं आली, पोरीच्या दंडाले गंडा बांधला आणि माह्यापुढं पदर डोळ्याले लावून बसली, की तुमच्यासारखी सासू मिळाली हे माह्या पोरीचं नशीब. मी तिले चहा देला. वंदना रोज संध्याकाळी गरम पाण्याची बादली आणे, माह्या भेगा पडलेल्या टाचांत तेल चोळे. आणि मी पाय पुढं करी. तुम्ही केले असते का?

वर्षभरानं तिले दिवस गेले. गल्लीत पेढे वाटले, मारोतीले नारळ फोडला. त्याच दुपारी ती माह्याजवळ येऊन बसली आणि रडाले लागली.

"आई, मले माफ करा. आम्हीच थांबलो होतो. मले मास्तरणीच्या ट्रेनिंगले जायचं होतं, म्हणून यायले मीच म्हटलं, लेकरू मंग. पण तुम्ही माह्यासाठी अनवाणी चालून राहिल्या... मले पाप वाटलं. पुस्तकं पेटीत टाकली."

तेव्हा सांगायचं होतं. घरात कोणीच नव्हतं, ती माह्या गुडघ्यावर डोकं ठेवून होती, तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. मी काय केलं? तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ दे पोरी, केलं माफ."

खोटं बोलणं मी कदाचित विसरली असती. ही माफी विसरता येत नाही.

नात झाली. गोरीपान, रडकी, लय गोड. ती चालाले लागली तशी मी पेटीतली पुस्तकं काढली, पुसली आणि वंदनापुढं ठेवली. हे कुरकुरले, लेकरू कोण पाह्यल? मी पाह्यीन म्हटलं. आता वंदना छिंदवाड्याले असते, या साली तिचं ट्रेनिंग पुरं होते. पहिल्यांदा वर्गात शिकवून आली तर रात्रभर तेच सांगत होती, पोट्टे कसे ऐकून राहिले होते ते. घरात असं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. लोक म्हणतात, पाहा, सासू सुनेले शिकवून राहिली. तेही कौतुक माह्याच पदरात.

माही तब्येत चांगली आहे. अजून चालते, आता चपला घालून.

शनिवारी ती येईल. जेवणं झाली, पोरगी झोपली, की तिले सांगीन—नवस नव्हताच. मी माह्या रक्तातल्या चरबीसाठी चालत होती. तू काही चुकली नव्हती, आणि त्या दिवशी माफी तू नाही, मी मागायची होती.