चिकलठाण्याच्या तबेल्यातली अकरा वर्षं

तबेल्यात रोज दोन गोष्टी साचतात. लीद आणि किस्से. लीद सकाळी फावड्यानं उचलता येते, आजूबाजूचे शेतकरी ती आनंदानं घेऊनही जातात. किस्से कुणी नेत नाही. ते आपल्याकडेच राहतात. मग चार लोक चहाला जमले की कुणीतरी म्हणतं, "तुम्ही घोड्यांमध्ये होतात ना? सांगा की काहीतरी."

तर मी चिकलठाण्याच्या एका तबेल्यात अकरा वर्षं होते. विमान उतरायला लागलं की त्याची चाकं मोजता यायची, विमानतळाच्या इतक्या जवळ. मालकांचा कारखाना होता आणि घोडे हा त्यांचा शौक. एका बाजूला रायडिंग स्कूल आणि उड्यांच्या स्पर्धेचे घोडे होते, ते माझ्याकडे. दुसऱ्या शेडमध्ये युसूफचाचांच्या घोड्या होत्या, लग्नात नाचणाऱ्या. चाचा खरं तर भाडेकरू, पण तबेल्यात शेवटचा शब्द त्यांचाच चालायचा. आणि दोन्ही बाजूंचा दाणापाणी, खरारा, नाल बघणारा एकच माणूस, प्रकाश साळवे. तो शेंद्र्याहून मोटरसायकलवर यायचा. एवढीच आमची मंडळी. बाकी सगळे चार पायांचे.

*

माझे वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. आजोबाही कारकूनच. घरातली पोर बी.कॉम. होऊन घोडे फिरवते हे बाबांना सांगायला जड जाई. म्हणून माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा त्यांनी मध्यस्थांना सांगितलं, "मुलगी ट्रेनिंग लाइनमध्ये आहे." तसं बघितलं तर खोटं नव्हतं.

एक स्थळ आलं. मुलगा, त्याची आई आणि बँकेतून रिटायर झालेले काका. काकांनीच मुलाखत घ्यायला सुरुवात केली. हाताखाली किती ट्रेनी आहेत, असं विचारलं. मी म्हटलं, चौदा. काका खूश झाले. फ्रेशर्स असतात की अनुभवी, हा पुढचा प्रश्न. मी म्हटलं, दोन्ही असतात, पण फ्रेशर्स लाथा फार मारतात. बाबांना ठसका लागला. काका मात्र हसले आणि म्हणाले, आमच्या बँकेतही तसंच होतं.

"मग ट्रेनिंग झाल्यावर त्यांचं पुढं काय होतं?"

मी म्हटलं, "चमकले तर पुण्या-मुंबईला जातात. नाहीतर लग्नात नाचतात."

बाबा पाणी आणायला आत गेले ते बाहेर आलेच नाहीत.

मुलाला मात्र हसू आवरेना. त्याच्याशीच लग्न झालं माझं. वरातीला चाचांनी आपली सगळ्यात देखणी घोडी, चांदणी, आणली होती. काका तिच्यापासून बरेच लांबून चालत होते.

*

तेव्हा शहर जालना रोडनं आमच्याकडं सरकत होतं. तबेल्याशेजारी ज्वारीचं रान होतं, त्याचे प्लॉट पडले. मग प्लॉटवर बंगले यायच्या आधीच तिथं हिरवळ टाकून एक लॉन सुरू झालं. लग्नसराईत रोज दोन लग्नं.

चाचांच्या घोड्या ढोल वाजला की नाचणार, ही त्यांची तालीम. ढोल कुणासाठी वाजतोय हे त्यांना कोण सांगणार? पलीकडं बँड सुरू झाला की अलीकडं शेडमध्ये पाचही घोड्या जागच्या जागी पाय उचलायला लागत. सकाळच्या मुहूर्ताला नाचत, संध्याकाळच्या मुहूर्ताला नाचत, आणि मधल्या वेळेत स्वतःच्या सुपारीला जाऊन नाचून येत. चाचांनी खिडक्यांना पोती लावली, कानात कापूस घालून बघितला. चांदणीनं कापूस खाल्ला.

महिनाभरात घोड्यांचे पाय सुजले, बरगड्या दिसायला लागल्या. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. भला माणूस, पण घाईत असायचा. त्यांनी चांदणीचा पाय दाबून बघितला, ताप बघितला, आणि गोळ्या लिहायला बसले. चार ओळी लिहून झाल्या असतील, तेवढ्यात पलीकडं नवरदेव आला. चांदणी सुजल्या पायानं नाचायला लागली.

डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर एकच ओळ लिहून चाचांच्या हातात दिली. चाचांना मराठी वाचता येत नसे, म्हणून मी वाचून दाखवली.

"आषाढ लागला की बरी होईल."

*

पाचोडच्या आठवडी बाजारात जनावरांमध्ये एखाददुसरं घोडंही येई. एकदा चाचा मला घेऊन तिथं गेले. एका माणसाकडं पांढरी घोडी होती. तिचे गुण सांगता सांगता त्याला दम लागला. नाचते, पोरांना पाठीवर घेते, गाड्यांना बिचकत नाही, आणि वय फक्त चार वर्षं.

चाचांनी तिचा ओठ उचलला, दात बघितले, ओठ खाली सोडला. चाचांच्या स्वतःच्या तोंडात तेव्हा सात-आठच दात उरले होते.

म्हणाले, "मियाँ, दाँत इसके ज्यादा हैं. बाकी उमर में हम दोनों बराबर."

तो माणूस काही शरमला नाही. म्हणाला, "मंग चाचा, तुमाला कुणी चार वर्षांचं म्हणलं तर नको हाय का?"

घोडी घेतली नाही. चहा मात्र चाचांनी त्याला पाजला.

*

ती दुष्काळाची वर्षं होती. तबेल्याची बोअर फेब्रुवारीतच खडखडायला लागे आणि मग टँकर. बाकीचे घोडे ते पाणी निमूट प्यायले. बादशहा पिईना. बादशहा आमचा उड्यांचा घोडा, उंच, काळाभोर, आणि नाकाचा भारी तिखट. टँकरच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून तो हौदात नाक घालायचा, फुर्र करायचा आणि तोंड फिरवायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याचं पोट आत गेलं. घोडा पाणी प्यायला नाही तर पोटदुखीनं जातो. मी पाण्यात गूळ घालून बघितला, मीठ चाटवलं. काही उपयोग झाला नाही.

तिसऱ्या दिवशी प्रकाश मोटरसायकलला दोन कॅन बांधून आला. बादशहानं एका दमात दोन्ही संपवले. पाणी कुठलं, असं मी विचारलं तर म्हणाला, आणलंय, तुमी नका इचारू. मग रोजच दोन कॅन यायला लागले.

आठ-दहा दिवसांनी शेअर रिक्षातून एक बाई उतरली आणि तरातरा फाटकातून आत आली. प्रकाशची बायको सुनीता. त्यांच्या घरामागं एक आड होता. तळाला जेमतेम पाणी, ते रात्रभर झिरपायचं आणि पहाटे सुनीता ते वाटीवाटीनं उपसून भरायची. त्यातलं रोज कमी होत होतं, आणि नवरा हल्ली उजाडायच्या आत घर सोडत होता. तिनं काय समजायचं ते समजून घेतलं होतं.

प्रकाश बादशहाच्या ठाणापुढं कॅन ओतत होता. तिला बघून तो तसाच उभा राहिला. ती घोड्याकडं बघत राहिली. बादशहानं बादलीतून तोंड वर काढलं, ओला ओठ तिच्या खांद्यावर ठेवला आणि सुस्कारा सोडला. तिचा पदर भिजला. तिनं तो सावरला नाही.

मग म्हणाली, "बाई असती तर भांडले असते. याच्याशी काय भांडू?"

मी चहा ठेवला होता, तो न घेताच ती गेली. दुसऱ्या दिवसापासून कॅनच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेलं असायचं.

*

हा प्रकाश पुढं रायडर झाला, तेही अचानक. पुण्याला उड्यांच्या स्पर्धा होत्या आणि आमचा रायडर आदल्या दिवशी तापानं पडला. बादशहाला दुसरा कुणी चालत नव्हता. प्रकाश रोज त्याला फिरवायचा, आम्ही नसताना उड्याही मारायचा, हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी त्याला म्हटलं, तू बस. तो म्हणाला, मॅडम, मी खरारा करणारा मोतद्दार हाय, तिथं समदे साहेब लोक. मी म्हटलं, बादशहाला हे सांगून बघ.

प्रकाश बसला. एकही दांडी न पाडता बाहेर आला. नंबर तिसरा लागला, कारण वेळ थोडा जास्त गेला.

बाहेर एक निवृत्त लष्करी अधिकारी उभे होते, स्पर्धेचे पंच. त्यांनी त्याची बैठक पाहिली होती आणि त्यांना ती आवडली होती. त्यांनी आदरानं विचारलं, कुणाच्या हाताखाली शिकलात?

प्रकाश लाजला. बादशहाकडं बघून म्हणाला, "हाताखाली नाय साहेब. याच्या पायाखाली."

*

प्रकाशच्या धाकट्या भावाचं, मिलिंदचं, लग्न ठरलं. मुलगी पाचोडच्याही पुढच्या एका गावातली. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. चाचांनी परस्पर जाहीर करून टाकलं की नवरदेव चांदणीवर बसणार.

प्रकाश नको म्हणाला. आमच्या समाजाचा नवरदेव त्या गावात पारापुढून घोडीवर कधी गेलेला नाही, उगी कशाला, सोयऱ्यांना तिथंच राहायचंय, असं त्यानं दोनदा समजावलं.

चाचा म्हणाले, "ये बात चांदणी को मालूम नई."

सकाळी दहाच्या सुमारास वरात वेशीतून आत शिरली. मीही होते, बायकांच्या घोळक्यात. रस्ता एकच आणि अरुंद, दोन्ही बाजूंना घरं, मधे पार, पुढं विहीर आणि मग मंडप. ढोल वाजत होता, चांदणी नाचत होती. पारापाशी पाच-सहा माणसं उठून रस्त्यात उभी राहिली. त्यातल्या एका टोपीवाल्या म्हाताऱ्यानं हात वर केला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "पाव्हणं, इथून नवरदेवानं पायी जावं. घोडी मोकळी न्या. गावची रीत हाय."

ढोल थांबला. मिलिंद भावाकडं बघत होता आणि प्रकाश जमिनीकडं. प्रकाशनं मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा मला बघवला नाही. तो भावाला एवढंच म्हणाला, "उतर."

मिलिंद उतरला. चाचांनी लगाम धरून चांदणीला पुढं ओढलं. चांदणी हलली नाही. चाचांनी जीभ वाजवली, मानेवर थोपटलं. नाही. म्हाताऱ्यानं स्वतः लगाम घेऊन ओढून बघितला. दोघंजण मागून ढकलायला गेले, आणि तिनं मागचा पाय नुसता उचलला तसे बाजूला झाले. चांदणी रस्त्याच्या मधोमध कान पाडून उभी. तिच्या शेजारून सायकल गेली असती, बाकी काही नाही.

तेवढ्यात वरातीमागं हॉर्न वाजला. टँकर होता. त्या गावाला तो दोन दिवसांआड येई आणि पुढच्या विहिरीत पाणी ओतून जाई. ड्रायव्हरनं खिडकीतून सांगितलं की त्याला अजून दोन गावं आहेत, रस्ता मोकळा झाला नाही तर तो माघारी जाईल.

विहिरीवर हंडे घेऊन थांबलेल्या बायका एकेक करून पारापाशी आल्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं काय झालं म्हणून विचारलं. चाचांनी डोक्यावरची टोपी काढली आणि फार नम्रपणे सांगितलं, "अम्मा, इसकी आदत है. पीठ पे नवरदेव नई तो कदम नई उठाती."

म्हातारीनं घोडीकडं बघितलं, टँकरकडं बघितलं, मग टोपीवाल्या म्हाताऱ्याकडं.

"बसवा त्याला वर," ती म्हणाली. "रीत काय हंड्यात भरून न्यायची हाय का?"

टोपीवाला दुसरीकडं बघायला लागला. पारावरची माणसं हळूहळू बाजूला सरली. प्रकाश भावाला म्हणाला, "बस." मिलिंद रिकिबीत पाय घालून वर बसला. चांदणीनं कान उभे केले आणि पाऊल उचललं. ढोलवाल्याला कुणी सांगितलं नाही, त्यानं आपणहून टिपरू घातलं. ती नाचत पारापुढून गेली, आणि तिच्यामागं पाणी सांडत टँकर.

मंडपात वंदना झाली, लग्न लागलं, जेवणं झाली. दुपारी चाचा निघाले. टेम्पो वेशीबाहेर उभा होता. लगाम त्यांनी चांदणीच्या मानेवर टाकून दिला होता आणि दोन्ही हात मागं बांधून ते पुढं चालत होते. चांदणी त्यांच्या मागोमाग, आपल्या पायानं, त्याच रस्त्यानं, त्याच पारापुढून टेम्पोपर्यंत गेली. पाठीवर रिकामं खोगीर होतं.