डावीकडची गाठ

५ डिसेंबर १९५५, सोमवार. पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, आमची ओसरी. हजर : नजर गेलेल्या सासूबाई, धाकटे दीर रंगनाथ आणि मी. चौथं कुणी नव्हतं.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधी नव्हता, आजही नाही. घर आणि शेत एकटीनं सांभाळायचं, त्यात सवड कुठली... पण हे घडलं.

आमचे मालक घर सोडून गेले, त्याला बारा वर्षं झाली होती. पत्ता नाही, निरोप नाही. रीतीप्रमाणे दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यांचं दहन करायचं आणि मी कुंकू पुसायचं, असं ठरलं होतं. तयारी मीच केली — भटजींना सांगावा, तूप, लाकडं. पानं तेवढी राहिली होती.

ती तोडायला गेलेल्या भावजींना ओढ्याच्या दरडीत कोरीव दगड सापडला. पानांबरोबर गाडीत घालून त्यांनी तो आणला. पानांच्या झोपडीपुढं बसलेला जटावाला तपस्वी, पाठीमागून गुडघ्यांभोवती आवळलेला पट्टा. मालकही असेच बसायचे, उपरणं बांधून.

सासूबाईंनी बोटं फिरवली. "गाठ डावीकडं हाय. माझा लेक नारायणच हाय."

"माय, तुला बाभळीतबी नारायणच दिसतो," भावजी म्हणाले.

"दिसतंय कुठं मला? हाताला लागून राह्यलं."

मी वाकून पाहिलं. गाठ होती. माती असेल म्हणून नखानं खरवडली — दगडच. मालक डावखुरे, त्यांची गाठ नेहमी डावीकडं.

सकाळी पाहिलं तर पट्टा सलग, गुळगुळीत. दगड जागचा हलला नव्हता.

"सुटली," सासूबाई म्हणाल्या. गाठ सोडली की मालक उठायचे, हे तिघांनाही ठाऊक.

"उठला म्हंजी घराकडं निघाला," भावजी म्हणाले. "भटजीला परत धाडतो, वैनी."

"न्हाई तर मंग... गेला," सासूबाई म्हणाल्या.

विधी थांबवला.

पुढे औरंगाबादच्या एका जाणकारांनी दगड पाहिला. म्हणाले, जुन्या बौद्ध काळातला आहे, असे तपस्वी पट्टा बांधलेलेच कोरत. गाठ मात्र इथं कधी नव्हतीच, असंही म्हणाले.

सासूबाई वारल्या. भावजी जालन्याला असतात. मला अजून उलगडा नाही. कुंकू रोज लावते, लावताना हात थबकतो. पळसाची पानं माळ्यावर वाळलीत. पुतळ्याला ठेवायची की उकिरड्यावर टाकायची, तेवढं ठरवायचं राहिलंय.