डेंकनरावांचं नाव घेते

घरी सांगायला कुणी नसलं की किस्से साठत जातात. पूर्वी बाहेर काही घडलं की संध्याकाळी नवऱ्याला सांगून मी मोकळी व्हायचे. आता तो नाही, आणि साठीत मी बेळगावात जर्मनच्या क्लासला जाते. म्हणजे किस्स्यांना तोटा नाही!

क्लास कशासाठी, तर मुलगा प्रशांत जर्मनीतच राहिला, सून तिकडची. नातवाला, नोआला, जर्मनशिवाय काही येत नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर प्रशांत मधे दुभाषा. मी नोआला उकाडा, लोणचं, शेजारच्या मांजरीची पिल्लं असं सगळं रंगवून सांगते आणि प्रशांत ते दोन शब्दांत उरकतो. एकदा विचारलं, "काय सांगितलास रं त्याला?"

म्हणाला, "आजी बरी आहे."

मला नोआशी एकदा तरी थेट बोलायचं होतं, मधे कुणी नसताना.

*

वर्गात बाकी सगळ्या नर्सिंग झालेल्या मुली, तिकडे नोकरीला निघालेल्या. पहिल्या दिवशी ऑफिसातल्या बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "नातीचं ॲडमिशन काय?"

मी म्हटलं, "न्हाय, आजीचं."

*

जर्मन क्रियापदांची एक खोड आहे. प्रत्येकाला आपला ठरलेला छोटा शब्द सोबत लागतो. का, ते विचारायचं नाही, पाठ करायचं. ते कुणालाच जमेना, म्हणून मॅडमनी युक्ती काढली. क्रियापद नवरा, छोटा शब्द बायको, आणि प्रत्येकीनं उखाणा घ्यायचा.

खानापूरची सुजाता पहिली उठली. तिला 'क्युमर्न' आलं होतं, म्हणजे काळजी घेणं.

"खानापूरच्या दवाखान्यात रिकामी नाही रूम,
क्युमर्नरावांच्या संसाराला साथ देते उम!"

वर्ग हसून लोटपोट. मग सुजाता माझ्याकडे वळली. "आक्का, आता तुमी घ्या की."

मॅडमचं लक्ष माझ्या कपाळाकडे गेलं. त्या घाईनं म्हणाल्या, "त्यांना राहू दे गं."

नवरा गेल्यापासून मला कुणी उखाणा घ्यायला सांगितलं नव्हतं. हळदीकुंकवाचं बोलावणंही बंदच झालं होतं. मी उभी राहिले.

"मॅडम, नवरा माझा गेलाय. डेंकनराव ठणठणीत आहेत."

आणि घेतला.

"वडगावच्या मागावर साडी विणली छान,
डेंकनरावांच्या शेजारी कायमची आन!"

डेंकन म्हणजे आठवण काढणं. मुलींनी बाकं बडवली. घरी येऊन मी खूप रडले, आणि ती जोडी मात्र पुन्हा कधी चुकली नाही.

*

मॅडमचा दुसरा नियम, रोज घरात कुणाशी तरी जर्मन बोलायचं. सुजाता म्हशीशी बोलायची. तक्रार एकच, "आता ती आईचं मराठी ऐकंना झालीया."

माझ्या घरात म्हैसही नाही. मी दूधवाल्याला गाठलं आणि एक अख्खं वाक्य म्हणून दाखवलं. त्यानं शांतपणे कन्नडमध्ये उत्तर दिलं आणि रोजच्यापेक्षा अर्धा लिटर जास्त दूध ओतून गेला. त्या दुधाची खीर केली. खायला मी एकटीच.

*

सुजाता परीक्षा पास झाली आणि गेली. जाताना पाया पडली, मग तिकडून तिचा फोन आला.

"आक्का, हितं म्हाताऱ्या बायका लई हायत बघा. औषध द्यायला गेलं की हात धरून बसत्यात. सोडतच न्हाईत."

मी म्हटलं, "बस गं जरा त्यांच्यापाशी."

"ड्युटी असती आक्का," ती म्हणाली, आणि तिला कुणीतरी हाक मारली.

*

गेल्या रविवारी नोआ फोनवर होता आणि प्रशांतच्या दारावरची बेल वाजली. "आई, आलोच," म्हणून तो उठला. नोआ आणि मी, दोघंच.

आठवडाभर घोकलेलं एकच वाक्य धड होतं, ते म्हटलं. मी तुझी वाट बघते.

नोआनं डोळे मोठे केले. त्याला कळलं होतं! त्यानं विचारलं, "कुठे?"

याची तयारी नव्हती. शब्द सापडेनात, म्हणून फोन हातात घेऊन दाखवायलाच निघाले. घराचा पुढचा सोपा दाखवला, नवऱ्याचा बंद पडलेला माग दाखवला, दोन खुर्च्या, मग दार उघडून अंगण आणि फाटक.

नोआ स्क्रीनला नाक लावून सगळं नीट बघत होता. मग तो सावकाश बोलला आणि त्याचा शब्द न् शब्द मला कळला.

"पण आजी, तिथे तर कुणीच नाही."