आयरिश क्लबमधल्या लायनीत आज मी पण होते

मंडळी, मी या ग्रुपवर नुसती वाचते. आज लिहिते.

शाळा सोडल्यापासून मी मँचेस्टरच्या एका आयरिश क्लबमध्ये चहा-सँडविच देते. आज तिथे एका आजोबांचं फ्युनरल झालं. त्यांची मुलगी सिडनीला, तिला येता आलं नाही. म्हणून वेबकॅमवाला लॅपटॉप धरून मला घरच्यांच्या लायनीत उभं केलं.

त्यांच्यात प्रत्येक जण घरच्यांचा हात धरून "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणतो, म्हणजे तुमच्या दुःखात आम्ही आहोत. लोक स्क्रीनवरच्या मुलीला म्हणायचे आणि हात माझा धरायचे.

"मी घरची नाही," मी एका म्हाताऱ्यांना हळूच म्हटलं.

"लायनीत आहेस ना? मग गप हात दे," ते हसून म्हणाले.

मागच्या महिन्यात नागपूरला माझी मावशी गेली. तिनेच मला वाढवलं. माझा पासपोर्ट इथला व्हिसा वाढवायला दिलेला, तो अडकला, जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी इथे आई कामावर गेली, मी पण गेले. घरात कुणी विषयच काढला नाही.

आज एवढ्या लोकांनी हात धरला, तरी रडू आलं नाही. कपबशा धुतल्या आणि घरी आले.

मावशीचं नाव सुमन. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगतेय. तुमचं कुणी तिकडे गेलं, तर तुम्ही इथे कुणाला सांगता?