अंबाडीची बोंडं

आज मंडईत भाजीवालीने अंबाडीची पानं खुडून मला दिली आणि लालचुटूक बोंडं बाजूला टाकली. मला एकदम कॅरिबियनमधलं ते बेट आठवलं. तिथल्या हॉटेलात मी नोकरीला होतो. तिथे डिसेंबरातही उकडायचं. काम सुटलं की आम्ही समुद्रकाठी वाळूत क्रिकेट खेळायचो. घामाघूम होऊन परतलो की घरमालकीण आयव्हीबाई याच बोंडांचं, आलं घातलेलं सरबत द्यायची.

"आमच्याकडे याच्या पानांची भाजी करतात," मी म्हणायचो.

"पानं? ती तर बकऱ्यांना!" ती हसायची.

तेव्हा मी त्या भाजीसाठी झुरायचो. आता भाजी शिजतेय आणि जीव बोंडांत अडकलाय. शेवटी मंडईत परत जाऊन ती बोंडं मागून आणली, सरबत केलं.

बायको म्हणाली, "एवढ्या थंडीत?"

मी स्वेटर काढून ठेवला आणि पेला तोंडाला लावला.