घोड्याच्या घरातलं प्यादं

मला बुद्धिबळ चांगलं येतं. हे मी लाजत वगैरे सांगत नाही. कट्टा गावच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीला कोल्हापूरचा, मानांकन असलेला कॉलेजातला पोरगा समोर आला, तेव्हा लोकांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. रागच आला मला. तालुक्याच्या संघात एक जागा रिकामी होती, निदान बरोबरी झाली तरी ती माझी होती. मी काय हात जोडून बसायला आले होते?

बाबा पहिल्यांदाच माझा खेळ बघायला आले होते. दोरीपलीकडे काठी टेकून उभे. खेळ त्यांनीच शिकवला, घरापुढच्या खळ्यात, आणि घरच्या कायद्याने. प्यादं पलीकडच्या शेवटच्या रांगेत ज्या घरात पोचेल, त्या घरचं मोहरं व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. स्पर्धेत तसं नसतं, कुठेही पोचा आणि सरळ वजीर घ्या. हे मला पक्कं ठाऊक होतं.

पोरगा हुशार, पण मला कच्चं लिंबू समजला आणि जादा असलेला हत्ती घाईत घालवून बसला. शेवटी दोघांचे राजे आणि एकेक प्यादं उरलं. माझं आधी पोचलं, घोड्याच्या घरात. आणि माझ्या हाताने बाजूला पडलेला घोडा उचलून तिथे ठेवला.

वजीर असता तर डाव जिंकल्यातच जमा होता. ठेवलेलं मोहरं काही बदलता येत नाही. मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या हासडल्या आणि त्याच घोड्याला कामाला लावलं. घोडा देऊन त्याचं प्यादं मारलं. पटावर नुसते दोन राजे. बरोबरी झाली, जागा मिळाली.

"काकू, वजीर का नाही घेतलात?" पोराने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "वजीर खंयचो? घोड्याच्या घरात घोडोच येतलो."

घरी येताना मी त्यांना स्पर्धेचा कायदा सांगितला. 

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खळ्यात पट मांडला. माझं प्यादं पुन्हा घोड्याच्या घरात पोचलं. मी घोडा उचलला. बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि तिथे वजीर ठेवला.

"जिल्ह्याक खेळाक जातलंस मां? मगे आतापासून हाताक सवय लाय गो."

मला भरून आलं. पण डाव सोडला नाही. त्याच वजिराने बाबांना हरवलं.